क्वार्ट्झची सरासरी बरोबर, तरी टिप खराब: नॅनोइंडेंटरचं एक प्रकरण

जुलैमधली गोष्ट. आमच्याकडे नॅनोइंडेंटर (हिऱ्याचं बारीक टोक, म्हणजे टिप, सँपलमधे काही नॅनोमीटर खोल दाबून हार्डनेस म्हणजे कडकपणा मोजणारं मशीन) एकच आहे आणि तो सगळ्या डिपार्टमेंटसाठी कॉमन आहे, म्हणजे सकाळी मेटलर्जीवाले, दुपारी पॉलिमरवाले, संध्याकाळी कोटिंगवाले, आणि मशीन सांभाळायचं काम माझ्याकडे. एक दिवस पीएचडीची एक मुलगी लॅपटॉप उघडूनच आत आली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या सँपलमधेच प्रॉब्लेम आहे का ते एकदा बघाल का, सर म्हणतात ड्रॉपलेट्समुळे होतंय पण मला नाही पटत."

तिचं काम टायटेनियम नायट्राइडच्या कोटिंगवर, स्टीलवर साधारण १ मायक्रॉन जाडीचा थर, कॅथोडिक आर्कने, म्हणजे विजेच्या ठिणगीने धातूची वाफ करून केलेला. दोन वेगवेगळ्या बायस व्होल्टेजला (थर बसवताना सँपलला दिलेला व्होल्टेज) केलेले दोन सेट, आणि थिसिसचा एक अख्खा चॅप्टर यावर की बायस बदलला की हार्डनेस बदलतो का. ५ मिलिन्यूटन लोडला इंडेंट (टिप एकदा दाबून पाडलेला खड्डा), डेप्थ १०० नॅनोमीटरच्या आसपास, कारण थराच्या जाडीच्या दहा टक्क्यांपेक्षा खोल गेलं की खालचं स्टील बोलायला लागतं. हे सगळं तिने बरोबर केलं होतं. पण आकडे १८ गिगापास्कलपासून २७ पर्यंत कुठेही! सरासरी २२-२३, जी टायटेनियम नायट्राइडला शोभेल अशीच, आणि दोन्ही सेटची सरासरी जवळजवळ सारखी, त्यामुळे फरक आहे की नाही हेच कळेना. आर्कच्या कोटिंगमधे धातूचे बारीक थेंब अडकतात हे खरं आहे, त्यावर इंडेंट पडला तर आकडा चुकतो हेही खरं, म्हणून तिच्या सरांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. पण थेंबावर पडणारे इंडेंट चाळीसमधे चार-पाच असतील ना, चाळीसच्या चाळीस कसे पसरतील?

मी तिला म्हटलं, "अगं सँपल बाजूला ठेव, आधी क्वार्ट्झवर जाऊ." (लॅबमधे सगळे क्वार्ट्झ म्हणतात, खरं तर तो फ्यूज्ड सिलिका, काचेसारखा, क्रिस्टल नाही.) त्याचा फायदा असा की त्याचं उत्तर आधीच माहीत असतं. यंग्स मॉड्युलस (पदार्थ किती ताठ आहे त्याचं माप) ७२ गिगापास्कल, हिऱ्याचा वाटा धरून रिड्यूस्ड मॉड्युलस ६९.६, हार्डनेस सव्वानऊच्या आसपास. गुळगुळीत, एकसारखा, थेंब नाहीत, ग्रेन नाहीत, म्हणजे तिथे आकडे पसरले तर सँपलला दोष देताच येत नाही.

तेव्हा दर सोमवारी आम्ही क्वार्ट्झ चेक करायचो, १० मिलिन्यूटनला नऊ इंडेंट, आणि लॉगबुकात हार्डनेस आणि मॉड्युलसची सरासरी लिहायचो. मागचे तीन सोमवार बघितले, ९.४, ९.५, ९.३. सगळं ठीक. म्हणूनच मशीनवर कुणाला संशय आला नव्हता, मलाही नाही. पण तिच्यासमोर मी १ मिलिन्यूटनला वीस इंडेंट मारले, आणि हार्डनेस आला साडेसहापासून पावणेबारापर्यंत, सरासरी परत नऊच्या जवळपास. क्वार्ट्झवर! माझ्या पोटात गोळाच आला, कारण तीन आठवड्यांत या मशीनवर किती जणांनी डेटा घेतला असेल ते डोळ्यासमोर आलं.

पहिला संशय सगळ्यांसारखा माझाही ड्रिफ्टवर गेला. पावसाळा, एसी चालू बंद होत राहतो, खोलीचं तापमान हललं की मशीनचे भाग नॅनोमीटरने फुगतात आकसतात आणि ती हालचाल डेप्थमधे मिसळते. पण जरा हिशोब करून बघा. ड्रिफ्ट आम्ही सेकंदाला ०.०५ नॅनोमीटरपेक्षा जास्त असेल तर टेस्टच चालू करत नाही, आणि एक टेस्ट १२ सेकंदांची, ५ लोडिंग, २ होल्ड, ५ अनलोडिंग. म्हणजे जास्तीत जास्त ०.६ नॅनोमीटरची चूक. १ मिलिन्यूटनला क्वार्ट्झमधे एकूण डेप्थ ८०-९० नॅनोमीटर असते, त्यात अर्धा नॅनोमीटर इकडेतिकडे झाल्याने हार्डनेस दुप्पट-निम्मा होत नाही. ड्रिफ्ट बाद.

दुसरा संशय टिप सैल असण्याचा. आमच्या मशीनला टिप छोट्या आट्यांनी ट्रान्सड्यूसरला (लोड देणारा आणि डेप्थ मोजणारा भाग) बसते, ती पूर्ण घट्ट नसेल तर इंडेंट करताना ती स्वतःच थोडी दबते आणि ते दबणं सँपलचं म्हणून मोजलं जातं. फोनवर सर्व्हिस इंजिनिअरचंही हेच म्हणणं, "मॅडम टिप काढून परत लावा, नाहीतर ट्रान्सड्यूसर पाठवून द्या." ट्रान्सड्यूसर पाठवायचा म्हणजे मशीन किती आठवडे बंद राहील काही सांगता येत नाही. मी म्हटलं थांबा, पाठवायच्या आधी एक गोष्ट बघते, त्यासाठी काहीच उघडावं लागत नाही.

ही गोष्ट जरा नीट सांगते कारण या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला आणि आपल्याकडे फार कमी जण ती वापरतात. हार्डनेस म्हणजे लोड भागिले एरिया. मॉड्युलस येतो अनलोडिंगच्या सुरुवातीच्या उतारावरून, म्हणजे स्टिफनेस एस वरून, पण तिथेही भागाकारात एरियाचं वर्गमूळ असतं. ऑलिव्हर आणि फार यांनी १९९२ मधे मांडलेली पद्धत ती हीच. यात लोड मशीन मोजतं, स्टिफनेस लोड-डेप्थच्या कर्व्हवरून येतो, पण एरिया? एरिया कुणी मोजत नाही, तो डेप्थवरून काढतात. बर्कोविच टिप म्हणजे तीन बाजूंचा पिरॅमिड, आदर्श टोक असेल तर एरिया म्हणजे २४.५ गुणिले कॉन्टॅक्ट डेप्थचा (टिप जेवढ्या खोलीपर्यंत खरोखर टेकलेली असते ती) वर्ग. खऱ्या टिपचं टोक गोलसर असतं म्हणून त्याला दुरुस्तीच्या टर्म्स जोडून आपण एरिया फंक्शन बनवतो. म्हणजे डेप्थ चुकली किंवा टोकाचा आकार बदलला तर एरिया चुकतो, आणि हार्डनेस नि मॉड्युलस दोन्ही चुकतात. आता लोड भागिले स्टिफनेसचा वर्ग करा. एरिया वर-खाली दोन्हीकडे असतो, तो कटून जातो! उरतो फक्त हार्डनेस भागिले मॉड्युलसचा वर्ग, एका कॉन्स्टंटसकट. क्वार्ट्झला हा आकडा प्रति गिगापास्कल ०.००१५ येतो, लोड कितीही असो, टिप कशीही असो, फक्त इंडेंट अगदीच उथळ नको. पण टिप सैल असेल किंवा फ्रेम वाकत असेल तर स्टिफनेसच खोटा कमी दिसणार, आणि लोड वाढेल तसा हा आकडा वर चढत जाणार, कारण जास्त लोडला कॉन्टॅक्ट कडक होतो आणि मशीनच्या लवचिकपणाचा वाटा मोठा होतो.

तर १, ३, ५, १० मिलिन्यूटन, सगळ्या लोडचे इंडेंट घेऊन तिने एक्सेलमधे प्लॉट केला. सरळ आडवी रेषा, ०.००१५ ला. हार्डनेस एवढा उड्या मारतोय आणि हा आकडा जागचा हलत नाही! म्हणजे स्टिफनेस बरोबर, लोड बरोबर, टिप घट्ट, फ्रेम ठीक. चूक जी काय आहे ती डेप्थमधे नाहीतर टोकाच्या आकारात. ट्रान्सड्यूसर पाठवायचा विषय तिथेच संपला.

मग आम्ही वीसच्या वीस कर्व्ह एकावर एक टाकले, सरासरी नको, कच्चे कर्व्ह. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. प्रत्येक कर्व्हच्या सुरुवातीला एक मऊ शेपटी, लोड जवळजवळ शून्य आणि डेप्थ मात्र वाढतेय, कुठे ५ नॅनोमीटर, कुठे १२, कुठे २५. आणि त्या मुलीने माऊसने एकेक कर्व्ह आडवा सरकवला, तर शेपटी सोडून बाकीचे सगळे एकमेकांवर तंतोतंत बसले. म्हणजे प्रत्येक वेळी मशीनला पृष्ठभाग लागल्याचा भास थोडा आधीच होत होता. टोकाला काहीतरी मऊ चिकटलेलं, ते आधी टेकायचं, दबायचं, मग हिरा टेकायचा. आणि दर इंडेंटला ते थोडं हलायचं म्हणून दर वेळी आकडा वेगळा.

लॉगबुक मागे चाळलं. तीन आठवड्यांपूर्वी एका मुलाने रेझिनमधे माउंट केलेली सँपल्स लावली होती, आणि इंडेंटची एक रांग धातूवरून सुरू होऊन रेझिनवर गेली होती. रेझिन नीट क्युअर झालेलं, म्हणजे पूर्ण घट्ट झालेलं नसेल तर ते टिपला चिकटतं. त्याच दिवशीच्या नोंदीत एक ओळ होती, "अप्रोच फेल, परत केला." (अप्रोच म्हणजे टिप पृष्ठभागापर्यंत नेणं.) त्या वेळी मी त्या ओळीकडे लक्ष दिलं नव्हतं.

टिप काढली. हे काम घाईचं नाही. ट्रान्सड्यूसरमधे पातळ प्लेट्स स्प्रिंगवर तरंगत असतात, आडवा जोर पडला की गेल्या, म्हणून टिप मशीनवर असताना तिला कापूस लावायचा मोह टाळायचा, टूलने सोडवूनच बाहेर घ्यायची. मायक्रोस्कोपखाली हिरा पारदर्शक असल्यामुळे मळ पटकन दिसत नाही, प्रकाश तिरका केला तेव्हा टोकाजवळ पिवळसर डाग दिसला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे भिजवलेल्या कापसाने दांड्याकडून टोकाकडे हलक्या हाताने पुसलं, कधीही टोकाकडून मागे नाही, धागा अडकतो. ॲसिटोन वापरायच्या आधी हिरा दांड्यावर कशाने बसवलाय ते बघा, गोंद असेल तर ॲसिटोनमधे बुडवू नका. टिप परत लावली, क्वार्ट्झवर पाच इंडेंट, शेपट्या लहान झाल्या पण गेल्या नाहीत. रेझिन अल्कोहोलला सहजासहजी दाद देत नाही. मग पॉलिकार्बोनेटच्या तुकड्यावर मोठ्या लोडने पंधरा खोल इंडेंट मारले, दर वेळी नवीन जागी. प्लास्टिक टिपभोवती घट्ट बसतं आणि मळ आपल्याकडे ओढून ठेवतं. परत क्वार्ट्झ. शेपटी गायब, वीस कर्व्ह न सरकवता एकावर एक, एका रेषेसारखे. आम्ही दोघी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या!

आणि मग आकडे आले. १ मिलिन्यूटनला हार्डनेस १४, रिड्यूस्ड मॉड्युलस ८५. १० मिलिन्यूटनला हार्डनेस १०.४, मॉड्युलस ७४.

ती मुलगी रडकुंडीला आली. "मॅडम, पुसायच्या आधी सरासरी तरी बरोबर होती, आता तीपण गेली, आपण टिप बिघडवली का?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता आणि उत्तर शोधायला मला ती रात्र लागली. सबमिशनला दोन महिने राहिलेले, तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं.

पुन्हा लोड भागिले स्टिफनेसचा वर्ग. तो अजूनही ०.००१५. हार्डनेस दीडपट झालाय आणि मॉड्युलस १.२२ पट, म्हणजे दीडच्या वर्गमूळाएवढा. दोन्ही जास्त, आणि बरोबर या प्रमाणात जास्त, याचा एकच अर्थ की खरा एरिया आपल्या फंक्शनने सांगितलेल्यापेक्षा दीडपट आहे. टोक बोथट झालंय. १० मिलिन्यूटनला फरक कमी कारण खोल गेल्यावर टोकाच्या गोलाईचा वाटा कमी होतो.

खात्री करायला १०० मायक्रोन्यूटनचे इंडेंट केले. चांगल्या टिपचं टोक १०० नॅनोमीटर त्रिज्येचं किंवा त्याहून बारीक असतं, एवढ्या लोडलासुद्धा ते क्वार्ट्झमधे कायमचा खड्डा पाडतं, जायचा आणि यायचा कर्व्ह वेगळा दिसतो. आमचा गेला त्याच वाटेने परत आला, पूर्ण इलास्टिक, डेप्थ १६ नॅनोमीटरच्या आसपास. त्यावर हर्ट्झचं समीकरण (गोल टोक इलास्टिक दाबलं की लोड आणि डेप्थचा संबंध सांगणारं) बसवलं तर त्रिज्या आली ३०० नॅनोमीटर. नंतर आमच्या एसईएमवाल्यांना (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) विनंती करून कमी किलोव्होल्टवर (हिरा चार्ज होतो) फोटो काढला, टोक गोल झालेलं आणि एका कडेला छोटा टवका. हिरा सगळ्यात कडक असतो पण ठिसूळही असतो, आणि इथे तर सगळा खेळ टोकाच्या शेवटच्या काही दहा नॅनोमीटरचा.

आता सरासरी आधी बरोबर का येत होती ते बघा. टोकाची त्रिज्या १०० वरून ३०० झाली म्हणजे भूमितीने टोकाची उंची साधारण १२ नॅनोमीटरने कमी झाली. त्यामुळे प्रत्येक डेप्थ १२ नॅनोमीटरने कमी मोजली जात होती आणि हार्डनेस फुगत होता. मळामुळे पृष्ठभाग लवकर लागल्याचा भास होऊन डेप्थ ५ ते २५ नॅनोमीटरने जास्त मोजली जात होती आणि हार्डनेस उतरत होता. दोन्ही चुका डेप्थमधलीच बेरीज-वजाबाकी, एक उणे एक अधिक, आणि सरासरीत एकमेकींना जवळजवळ पूर्ण खाऊन टाकत होत्या. आमचा सोमवारचा चेक १० मिलिन्यूटनला, जिथे पसाराही लहान दिसतो, आणि लॉगबुकात फक्त सरासरीचा कॉलम. तीन सोमवार ९.४, ९.५, ९.३ लिहून मी सही केली होती, आणि ते अजूनही मला टोचतं.

त्या "अप्रोच फेल"वाल्या मुलाला बोलावलं, ओरडायला नाही, विचारायला. तो लगेच म्हणाला की वेगवेगळ्या उंचीची दोन सँपल्स एकाच स्टेजवर लावली होती, हेड वर न घेता स्टेज बाजूला सरकवली आणि टिप उंच सँपलच्या कडेला लागली, आवाज आला होता पण नंतर टेस्ट चालल्या म्हणून वाटलं काही झालं नाही. त्याने एवढं सरळ सांगितलं म्हणून कारण कळलं, नाहीतर अंदाजच करत बसलो असतो. सगळ्या नवीन मुलांना आता मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, आधी हेड वर, मग स्टेज.

पुढचा प्रश्न टिपचं काय करायचं. बोथट टिप म्हणजे फेकायची टिप नाही. क्वार्ट्झवर कमी ते जास्त लोडचे शंभरेक इंडेंट करून नवीन एरिया फंक्शन बसवलं की ती परत बरोबर आकडे देते, पण उथळ इंडेंटला नाही. गोल टोकाखाली पदार्थ पूर्णपणे प्लास्टिक व्हायला, म्हणजे त्याचा आकार कायमचा बदलायला जास्त लोड लागतो, तोवर जो आकडा येतो त्याला हार्डनेस म्हणणंच चुकीचं. शिवाय टवका एका बाजूला, म्हणजे आकार सगळीकडून सारखा नाही. म्हणून ही टिप आम्ही २०० नॅनोमीटरपेक्षा खोल कामासाठी, स्टील, ॲल्युमिनियम, बल्क सिरॅमिकसाठी ठेवली, डबीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि पातळ थरांसाठी नवीन टिप घेतली.

आणि जुना डेटा? यावर आमच्याकडे बराच वाद झाला. काही जणांचं म्हणणं की नवीन एरिया फंक्शन लावून सगळं परत कॅल्क्युलेट करा. मळ काढल्यानंतरचे इंडेंट तसे करता येतात, कारण तिथे चूक स्थिर आहे, आकाराची आहे. पण मळ असतानाच्या तीन आठवड्यांच्या डेटात प्रत्येक इंडेंटची चूक वेगळी, शेपटी कुठे संपते आणि खरा कॉन्टॅक्ट कुठे सुरू होतो हे हाताने ठरवायला लागलो तर आपल्याला हवा तो आकडा काढता येईल. मी ठाम नाही म्हटलं. त्या काळातल्या सगळ्या युजर्सना मेल केला, तारखा लिहिल्या, उथळ इंडेंट परत करा, मशीनचे तास मी देते. दोघेजण चिडले, साहजिक आहे. बाकीचे आले. मशीन दोन आठवडे रात्री अकरापर्यंत चालू ठेवलं, मीही बसले.

लॉगबुकात आता सोमवारचा चेक तीन लोडला, १, ५ आणि १०, शिवाय एक १०० मायक्रोन्यूटनचा, सरासरीच्या शेजारी स्टँडर्ड डेव्हिएशनचा कॉलम, आणि सगळ्या कर्व्हचं एकत्र प्रिंट चिकटवलेलं. पाच मिनिटं जास्त लागतात.

त्या मुलीची दोन्ही कोटिंग्स नवीन टिपने चार दिवसांत परत झाली. पसारा १८ ते २७ वरून एक-दीड गिगापास्कलवर आला, चाळीसपैकी तीन इंडेंट खरंच थेंबांवर पडलेले होते, मायक्रोस्कोपमधे दिसले. एका सेटची सरासरी २२.६, दुसऱ्याची २४.९. शेवटच्या दिवशी तिने दोन्ही सेटचे कर्व्ह एका प्लॉटवर टाकले, निळे आणि लाल, आणि ते दोन गठ्ठे मधे जागा सोडून वेगवेगळे उभे होते. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग हळूच म्हणाली, "मॅडम, फरक आहे."